एला वॉटसनचा झाडू आणि गॉर्डन पार्क्सचा कॅमेरा

एकाचे फोटो बघून दुसरा कॅमेरा उचलतो. हे का घडतं? पांढरपेशे कलावंत सांगतील : प्रकाश, चौकट, लेन्स. असेलही. पण ज्यांच्या वस्तीत वीजच सगळ्यांच्या शेवटी आली, त्यांनी हा प्रश्न वेगळ्या अंगानं विचारला पाहिजे. फोटो कुणाचा, काढणारा कोण, आणि काढून झाल्यावर त्या माणसाचं पुढं काय झालं?

त्यासाठी अमेरिकेतल्या एका काळ्या माणसाचा इतिहास सांगतो. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, तिचं नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्या ब्लॅक पँथरचा पुढारी एल्ड्रिज क्लीव्हर अल्जियर्समध्ये परागंदा होऊन राहत होता. १९७० साली तिथं जाऊन 'लाइफ' साप्ताहिकासाठी त्याला टिपणारा फोटोग्राफर म्हणजे गॉर्डन पार्क्स. पँथर आपल्याला ठाऊक झाले, पार्क्स मात्र राहून गेला.

पार्क्स आभाळातून पडला नाही. त्याच्या मागं एक रांग आहे. ती आधी बघू.

जेकब रीस हा डेन्मार्कहून १८७० साली अमेरिकेत आलेला कफल्लक माणूस. न्यूयॉर्कला पोलीस-वार्ताहर झाला. १८८७ च्या सुमारास फ्लॅशची भुकटी निघाली. ती पेटवून तो रात्री गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरला. १८९० साली त्याचं पुस्तक आलं आणि शहराला आपल्याच पोटातली घाण दिसली. पण रीस न विचारता घुसायचा. झोपेतली माणसं दचकून त्या झगमगाटाकडं बघतात, ते फोटोत अजून दिसतं. इटालियन, ज्यू, चिनी लोकांबद्दल त्यानं जे लिहिलं, त्यात वरून खाली बघणारी नजर आहे. कणव होती, बरोबरी नव्हती. आपल्याला हा नमुना चांगला परिचयाचा आहे.

पुढची पायरी लुईस हाइनची. हा शाळामास्तर. बाप लवकर गेला, स्वतः कारखान्यात राबलेला. १९०८ पासून तो बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने पालथे घालू लागला. मालक आत घेईनात. मग कधी बायबल विकणारा हो, कधी आग-तपासनीस हो, असं सोंग करून तो आत जायचा. पोरांची उंची मोजायला टेप कुठून काढणार? कोटाच्या कुठल्या बटणापर्यंत पोरगं येतं ते बघायचा, आणि खिशात हात घालून चोरून टिपून ठेवायचा. नाव, वय, काम, मजुरी. चात्यांच्या लांबलचक रांगेपुढं उभी असलेली चिमुरडी पोर आणि खाली ही टिपणं. मालकाला खोटं बोलायला जागा नाही.

त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते. त्याच देशाच्या गिरण्यांत तेव्हा कोवळी पोरं सूत कातत होती आणि एक मास्तर त्यांच्याबाजूनं पुरावा गोळा करत होता. १९१६ साली बालमजुरीविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. १९१८ साली सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. टिकाऊ कायदा यायला १९३८ उजाडलं. म्हणजे फोटोनं क्रांती होते असं कुणी सांगत असेल तर त्याला विचारा, तीस वर्षं कोण लढलं? फोटो हा पुरावा. लढाई संघटनेला लढावी लागते.

हाइनचा विद्यार्थी पॉल स्ट्रँड पुढं मोठा फोटोग्राफर झाला. हाइन स्वतः मात्र १९४० साली कंगाल होऊन मेला, घरसुद्धा हातचं गेलं होतं. त्याचे फोटो न्यूयॉर्कच्या 'फोटो लीग' या डाव्या पोरांच्या संघटनेनं सांभाळले. तीच संघटना १९४७ साली सरकारनं काळ्या यादीत टाकली.

आता १९३० नंतरची मंदी. सरकारनं शेती-सुरक्षा खात्यात फोटोग्राफरांची तुकडी नेमली. प्रमुख रॉय स्ट्रायकर. त्यात डोरोथिया लँग होती. १९३६ साली कॅलिफोर्नियात मटाराच्या शेताजवळ तिनं एका भुकेल्या आईचा फोटो काढला. जगभर गाजला. लँगनं त्या बाईचं वय विचारलं. बत्तीस. नाव विचारलं नाही. ती फ्लॉरेन्स थॉम्पसन, मूळची चेरोकी आदिवासी, हे जगाला १९७८ साली कळलं. बेचाळीस वर्षं तिच्या चेहऱ्यावर दुनिया हळहळली, आणि ती बाई तशीच राबत राहिली.

तरीसुद्धा याच तुकडीच्या फोटोंनी पार्क्सला पेटवलं. इथं नीट लक्ष द्या.

गॉर्डन पार्क्स १९१२ साली कॅन्सस राज्यात फोर्ट स्कॉट गावी जन्मला. पंधरा भावंडांत शेंडेफळ. आई पोरवयात गेली. बहिणीच्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तेव्हा कडाक्याच्या थंडीत ट्रामगाडीत झोपून रात्री काढल्या. कुंटणखान्यात पियानो वाजवला, रेल्वेत वेटर झाला. गाडीत कुणी प्रवाशानं टाकून दिलेलं एक मासिक त्याला सापडलं. त्यात देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो होते, याच तुकडीनं काढलेले. ते फोटो त्यानं पुन्हापुन्हा पाहिले. दारिद्र्य त्याला कुणी दाखवायची गरज नव्हती, ते त्यानं भोगलंच होतं. त्याला नवीन कळलं ते एवढंच, की दारिद्र्यावर कॅमेरा रोखता येतो आणि तो रोखला की वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. त्यानं गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला. पुढं १९६६ साली आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातच हत्यार निवडण्याची गोष्ट आहे.

१९४२ साली शिष्यवृत्ती मिळवून तो वॉशिंग्टनला त्याच तुकडीत दाखल झाला. स्ट्रायकरनं त्याला सांगितलं, कॅमेरा ठेव इथं आणि शहरात फिरून ये. दुकानात कोट घे, हॉटेलात जेव, सिनेमा बघ. पार्क्स गेला. दुकानानं हाकललं, हॉटेलानं हाकललं, थिएटरनं हाकललं. देशाची राजधानी ही! संतापून परत आला. तेव्हा स्ट्रायकरनं त्याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या काळ्या बाईकडं बोट दाखवलं : तिच्याशी बोल.

ती एला वॉटसन. पार्क्स आधी बोलला, मग कॅमेरा काढला. अमेरिकेच्या मोठ्या झेंड्यापुढं तिला उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. गोऱ्या शेतकरी बाप-लेकीचं एक फार गाजलेलं चित्र १९३० सालचं, 'अमेरिकन गॉथिक'. तेच नाव या फोटोला मिळालं. स्ट्रायकर घाबरला, आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील म्हणाला. पण थांबवलं नाही. पार्क्स मग तिच्या घरी गेला, तिनं सांभाळलेल्या पोरांत बसला, तिच्या चर्चमध्ये गेला. तिचं नाव, तिचं घर, तिचा देव, सगळं नोंदलं गेलं. लँगनं जे विचारलं नव्हतं ते पार्क्सनं विचारलं. गुरूकडून घ्यायचं म्हणजे असं घ्यायचं. त्याची चूक दुरुस्त करून.

पण पार्क्सलाही देव करू नका. १९५६ साली त्यानं 'लाइफ'साठी अलाबामातल्या वर्णभेदाचे फोटो काढले. त्यातल्या कॉझी कुटुंबाची नावं छापली गेली, आणि गावातल्या गोऱ्यांनी त्यांचं कामधंदा बंद करून त्यांना गाव सोडायला लावलं. आपण याला बहिष्कार म्हणतो. फोटोग्राफर विमानानं परत जातो, फोटोतला माणूस गावात राहतो. हे विसरायचं नाही.

पार्क्सच्याच काळातला हार्लेमचा रॉय डिकॅराव्हा म्हणाला की मला काळ्या माणसाला समाजशास्त्राचा नमुना करायचं नाही. त्याच्या फोटोत आई, बाप, पोरं, नाच, थकवा, प्रेम. १९५५ साली कवी लँग्स्टन ह्यूजबरोबर त्याचं पुस्तक आलं. १९६३ साली न्यूयॉर्कच्या काळ्या फोटोग्राफरांनी 'कामोइंगे' मंडळ काढलं, त्याचा पहिला संचालक तोच. कामोइंगे हा केनियाच्या गिकुयू भाषेतला शब्द. अर्थ, मिळून काम करणारी माणसं. स्वतःचे फोटो स्वतःच छापायचे म्हणून त्यांच्यातल्यांनीच १९७३ पासून काळ्या फोटोग्राफरांचं वार्षिक काढलं. ते वार्षिक बघून कॅरी मे वीम्स या बाईला आपली वाट सापडली. आपल्या अनियतकालिकांचं मोल कळायला याहून मोठा दाखला नको. २०१५ साली बाल्टिमोर पेटलं, तेव्हा डेव्हिन ॲलन या तिथल्याच पोरानं काढलेला फोटो 'टाइम'च्या मुखपृष्ठावर गेला. तो पोरगा पार्क्सला गुरू मानणारा.

आपल्याकडं सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस, आणि त्याचं घर, त्याची बायको-पोरंही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झाडू तिथंही आहे, इथंही आहे.

आज प्रत्येक पोराच्या खिशात फोन आहे. गावात अत्याचार झाला की तासाभरात प्रेताचे फोटो फिरतात. वर लाल बाण, खाली शिव्या. चार दिवसांनी दुसरं प्रेत. मयताचं नाव बरेचदा चुकीचं, तारीख नाही, गाव नाही. हा पुरावा नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. फोटो काढायच्या आधी बसा, बोला, विचारा. हाइनसारखं टिपून ठेवा : नाव, गाव, तारीख, कामाचे तास, मजुरी. छापल्यावर त्या कुटुंबावर काय बेतेल याचा विचार संघटनेत बसून करा, आणि धोका असेल तर नाव-चेहरा झाका, टिपण मात्र जपून ठेवा. बलात्कार झालेल्या बाईची ओळख कुठंच फुटता कामा नये. फोटोची एक प्रत त्या घरात नेऊन द्या. आणि नुसती प्रेतंच काढू नका. बुद्धविहारात शिकवणी घेणारी पोरगी, जलशात ढोलकी वाजवणारा म्हातारा, पहिला पगार आईच्या हातात देणारा पोरगा, हेही टिपा. पुढच्या पोरानं कॅमेरा उचलायचा तर त्याला हे सगळं बघायला मिळालं पाहिजे.

जय भीम.