फासे, गुण आणि थोडीशी जादू

तलवार चालवणाऱ्या योद्ध्याला थोडी जादूही यावी, ही कल्पना गोष्टीत सोपी असते. लेखकाने लिहिले की झाले. खेळात मात्र तिला नियमांत बसवावे लागते, नाहीतर असा योद्धा सर्वांनाच भारी पडेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घ्यायची, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि जे अनिश्चित असेल त्याचा निकाल फाशांवर लावायचा. वीस बाजूंचे फासे गायगॅक्सना सापडले ते शाळांना गणिताची साधने पुरवणाऱ्या कंपनीकडे!

पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य वगैरे सहा गुण तीन साधे फासे टाकून ठरत. तीन फासे २१६ प्रकारे पडतात. बेरीज १८ येण्याचा प्रकार एकच, १० येण्याचे मात्र २७. (९ चे २५ च का, याचे उत्तर गॅलिलिओने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे; पण मुलांना ते आधी स्वतः शोधू द्यावे.) योद्ध्याला बळ हवे, जादूगाराला बुद्धी. १५ किंवा अधिक मिळण्याचे २० प्रकार आहेत. म्हणून हे दोन्ही गुण १५ किंवा अधिक असण्याची शक्यता निघते सुमारे ११७ त एक.

शिवाय जादूगाराला चिलखत वर्ज्य, आणि शस्त्र म्हणून फक्त खंजीर. दोन्ही विद्या एल्फ या वंशाच्या पात्रालाच खुल्या होत्या. १९७५ मध्ये पॅलाडिन आला. हा योद्धा स्पर्शाने जखमा बऱ्या करी. पण त्यासाठी व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव १७ हवा, म्हणजे ५४ त एक. दुर्मिळता हीच बलवान पात्राची किंमत, असा हा विचार. आम्हाला तो पटत नाही. ज्याला असे पात्र मिळाले त्याने काहीच मोजलेले नसते. किंमत मोजतात ते शेजारी बसलेले.

१९७७ च्या ‘मेली’ या स्टीव्ह जॅक्सन यांच्या खेळात फासे बाजूला पडले. बळ आणि चापल्य ८-८, वर वाटून घ्यायला ८ गुण. पुढच्या ‘विझार्ड’मध्ये बुद्धी आली आणि मंत्र म्हटला की बळ खर्च होऊ लागले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत फाशांना पर्याय म्हणून २७ गुणांची शिल्लक मिळते. प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो. १३ पर्यंत पायरीला एक गुण पडतो, पुढे १४ आणि १५ साठी दोन-दोन. म्हणजे १५ ला ९, १४ ला ७. मंत्र जाणणाऱ्या योद्ध्याला तिथे ‘एल्ड्रिच नाइट’ म्हणतात. तिसऱ्या पातळीवर त्याला जादू येते. बळ १५, बुद्धी १४, काटकपणा १४ घेतले तर २३ गुण संपतात. उरलेल्या ४ मध्ये चापल्य १२ होते. शहाणपण आणि प्रभाव ८ वरच राहतात.

पण बुद्धीवर ७ गुण घालवावेतच का? शत्रूवर सोडलेले बहुतेक मंत्र बुद्धीच्या जोरावर लागतात हे खरे. ‘शील्ड’ हा मंत्र मात्र आपला बचाव ५ ने वाढवतो, बुद्धी कितीही असो. वीस बाजूंच्या फाशावर ५ म्हणजे सहसा शंभरातले २५ घाव चुकले. असेच मंत्र निवडले तर बुद्धी ८ ठेवूनही चालते, आणि वाचलेल्या ७ गुणांतून काटकपणा १५ वर जाऊन चापल्य व शहाणपणासाठीही काही उरते.