राजाश्रय आणि लोकाश्रय



एखाद्या शिक्षणसंस्थेचा इतिहास चाळू लागलो म्हणजे बहुधा कोनशिलेची तारीख, देणगीदारांची नावे आणि परीक्षांचे निकाल एवढेच आपल्या हाती लागते. एखादी नवी विद्या त्या संस्थेत प्रथम शिरली कशी, तिला तेथे कोणी टिकवून धरले आणि तिला आणणारा मनुष्य निघून गेल्यावर तिचे पुढे काय झाले, या गोष्टींची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. आजच्या माझ्या भाषणाचा विषय हाच आहे. यंत्र, रसायन आणि कारागिरी यांचे शिक्षण आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांत रुजावे म्हणून आपल्या पूर्वसूरींनी जे प्रयत्न केले, त्यांपैकी तीन मी आपल्यापुढे ठेवणार आहे. पहिल्याला राजाचा आश्रय होता. दुसऱ्याला लोकांच्या पैशाचा. आणि तिसऱ्याला लोकांच्या धान्याचा व विद्यार्थ्यांच्या घामाचा. आश्रय ढळला तेव्हा प्रत्येकाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात धंदेशिक्षणाच्या संस्था अगदीच नव्हत्या असे नाही. पुण्यास 1854 साली अभियंत्यांचा वर्ग निघाला होता; पण तो मुख्यतः सरकारी बांधकाम खात्यास माणसे पुरविण्यासाठी. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिची नजर गिरण्यांकडे होती. दोन्ही ठिकाणी शिकावयाचे ते इंग्रजीतून. म्हणजे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करवत, माग आणि रंगाचे हौद चालत आले होते, त्या सुताराच्या, कोष्ट्याच्या आणि रंगाऱ्याच्या मुलांना या विद्येचे दार भाषेच्या कडीने बंदच होते.

ही कडी काढण्याचा विचार ज्यांच्या मनात आला, ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे स्वतः सुरतेच्या सुतार कुळातील. त्यांचा जन्म 1863 सालचा. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्ययन करून ते बडोद्याच्या महाविद्यालयात अध्यापक झाले. कारागिराचा हात आणि प्रयोगशाळेतील ज्ञान यांची गाठ पडल्यावाचून देशातील धंदे परदेशी मालापुढे टिकावयाचे नाहीत, आणि ही गाठ मातृभाषेवाचून पडावयाची नाही, असे त्यांचे ठाम मत होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांना ही कल्पना पटली, आणि 1890 साली बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. चित्रकला, सुतारकाम, यंत्रविद्या, रंगकाम, विणकाम असे विषय तेथे शिकविले जाऊ लागले, आणि तेही गुजराती व मराठी या भाषांतून.

आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटेल. त्या वेळी ती साधी नव्हती. रंगाच्या हौदात कापड बुडविणाऱ्या मुलाला आम्ल आणि अल्क यांचा गुणधर्म समजावून सांगावयाचा, तर शब्द कोठून आणावयाचे? क्रमिक पुस्तके कोठे होती? गज्जरांनी शाळेबरोबरच हे कामही हाती घेतले. शास्त्रीय व औद्योगिक विषयांवरील पुस्तके देशी भाषांत तयार करविण्यासाठी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही माला निघाली. परिभाषेच्या कोशाचाही संकल्प झाला. कलाभवन हे नुसते एक विद्यालय न राहता त्यातून पुढे देशी भाषांतील औद्योगिक विद्यापीठ उभे राहावे, इथवर त्यांची दृष्टी पोहोचली होती.

परंतु ही सर्व उभारणी एका माणसाच्या ध्यासावर आणि एका दरबाराच्या मर्जीवर अवलंबून होती. महाराज विद्येचे चाहते खरे. पण कारभार चालवावयाचा तो अधिकाऱ्यांनी, आणि त्यांचे व गज्जरांचे पटेनासे झाले. अखेर 1896 साली गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले. त्याच वर्षी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. हे कृत्य चापेकर बंधूंचे होते, हे पुढे उघड झाले. तो डाग भल्याभल्यांना निघेना. तो गज्जरांनी काढला, आणि त्यांच्या रसायनविद्येचा बोलबाला झाला. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःची प्रयोगशाळा काढली. 1907 साली बडोद्यास निघालेल्या अलेम्बिक या औषधांच्या कारखान्याच्या स्थापनेतही, कोटिभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर, त्यांचा हात होता.

मग कलाभवनाचे काय झाले? ते बंद पडले नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी कॅमेऱ्याची आणि छपाईची विद्या घेतली ती याच कलाभवनात. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या बोलपटपूर्व काळातील चित्रपटामागे त्या प्रयोगशाळेतील तालीम होती. 1949 साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याची तंत्रविद्याशाखा बनले, आणि ती जुनी वास्तू आजही विद्यार्थ्यांनी गजबजलेली असते. तेव्हा संस्था टिकली. परंतु देशी भाषांतील औद्योगिक विद्यापीठाचा जो मूळ संकल्प, तो मात्र गज्जरांच्या मागे तसाच राहिला. राजाश्रयाने इमारत दिली आणि ती दीर्घकाळ राखली. संकल्पाला वारस हवा होता, आणि तो दरबारात निर्माण करता येत नाही.

दुसरे उदाहरण तळेगाव दाभाडे येथील. अंताजी दामोदर काळे या तरुणाने एक युक्ती काढली. देशातील प्रत्येक माणसाने वर्षास एक पैसा द्यावा, आणि त्या निधीतून देशी धंदे उभे करावेत, एवढीच ती युक्ती. त्या काळी रुपयाचे 64 पैसे होत. म्हणजे एक लाख माणसांनी आपला वाटा चुकता केला तरी जमावयाचे ते 1,562 रुपये 8 आणे. हिशेबी मनुष्य या आकड्याला हसला असता. आणि पुष्कळ हसलेही असतील. परंतु लोकमान्य टिळकांसारख्या व्यवहारी राजकारण्याने पैसाफंडाची पाठ राखली, याचे कारण उघड आहे. श्रीमंताचा लाख रुपया एका सहीने येतो आणि एका रुसव्याने जातो. लाख माणसांचा एकेक पैसा गोळा करावयास लाख दारी जावे लागते, आणि तितक्या दारी त्या कामाची चर्चा होते.

या निधीतून 1908 साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. काचच का निवडली? त्या वेळी सुवासिनीच्या हातातील बांगडी आणि घरातल्या दिव्याची चिमणी या दोन्ही वस्तू बव्हंशी परदेशातून येत. काचेस लागणारी वाळू आणि चुना येथे होता, पण विद्या नव्हती. काचेची भट्टी पेटली की तिला रात्र आणि दिवस सारखेच. ती निवू दिली तर आतल्या मुशी तडकतात आणि केलेला खर्च वाया जातो. लोखंडी नळीच्या टोकाशी वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन त्यात नेमका श्वास फुंकावयाचा, ही कला पुस्तकातून येत नाही. आपल्याकडे निघालेले यापूर्वीचे काही कारखाने परदेशी कारागिरांवर विसंबून राहिले आणि बसले. तळेगावास जपान व अमेरिकेत ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांची योजना झाली, आणि कारखाना हाच विद्यालय बनला. नफा हा तेथे मुख्य हेतू नव्हता. काचकाम येणारी माणसे तयार करणे हा होता.

कारखाना सुरू झाला त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. पुढारी तुरुंगात आणि सरकारची नजर वक्र, अशा स्थितीत एखादी राजकीय चळवळ ओसरली असती. भट्टी विझली नाही. तिच्यापुढे उभे राहून शिकलेले कारागीर देशातील इतर काचकारखान्यांत पसरले. पैसा देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तळेगाव कधी पाहिलेही नसेल. परंतु ज्या विद्येसाठी तो दिला, ती पसरली.

आता तिसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव कोणास ठाऊक नाही? पण त्यांच्या चरित्रातील एक लहान बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी आहे. तरुणपणी भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत गावोगाव हिंडत असत. नवे यंत्र शेतकऱ्याच्या गळी उतरवावयाचे तर व्याख्यान देऊन भागत नाही. त्याच्याच शेतात ते चालवून दाखवावे लागते. हा धडा त्यांनी पुढे शाळेस लावला, असे म्हणावयास हरकत नाही.

1919 साली कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि 1924 साली तिचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी गावोगावच्या बाया दळणाच्या वेळी मूठमूठ धान्य बाजूस काढीत. आणि तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रासह आपले दागिने मोडले. 1940 साली साताऱ्यास कमवा आणि शिका या तत्त्वावर मोफत व निवासी विद्यालय निघाले, त्यास नाव दिले ते महाराजा सयाजीरावांचे. बडोद्यास कलाभवन काढणारे जे सयाजीराव, तेच हे. आणि जून 1947 मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले असता, त्याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले.

यात यंत्र कोठे आहे आणि रसायन कोठे आहे, असे कोणी विचारील. साताऱ्याची मुले माळरानावर दगड फोडीत, विहिरी खणीत, शेत पिकवीत आणि आपल्याच शाळेच्या भिंती रचीत. हात मळले म्हणजे विद्या बाटते, हा जो आपल्या शिक्षणातील जुना रोग, त्यावर हा उतारा होता. तो रोग असेतो कोणतेही यंत्र शाळेत आणून ठेवा, त्यावर धूळच बसावयाची.

या संस्थेच्या परीक्षेचा प्रसंग लवकरच आला. कर्मवीर आणि सरकार यांच्यातील मतभेद विकोपास जाऊन 1948 साली संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. बडोद्यास दरबाराशी बिनसले तेव्हा गज्जरांना बाहेर पडावे लागले होते. साताऱ्यास सरकारशी बिनसले तेव्हा कर्मवीर जागच्या जागी राहिले, कारण ज्यांच्या जिवावर ते उभे होते ते लोक जागचे हलले नव्हते. गावांनी मदत केली, शाळा चालत राहिल्या. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापाशी शब्द टाकला, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

या तीन कथांवरून राजाश्रय वाईट आणि लोकाश्रय तेवढा चांगला, असा सोपा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. सयाजीरावांसारखा राजा नसता तर 1890 साली मराठी मुलाला रसायन मराठीतून शिकावयास मिळते ना. आणि साताऱ्याची संस्थाही अनुदानावाचून कायमची चालली असती, असे कर्मवीरांनीही मानले नाही. मुद्दा निराळा आहे. लोकाश्रय म्हणजे केवळ वर्गणी नव्हे. शाळेत जे शिकविले जाते त्याची आसपासच्या लोकांना गरज भासणे, हा खरा लोकाश्रय होय. तो असला म्हणजे राजाचे द्रव्य कारणी लागते. तो नसला म्हणजे ते द्रव्य इमारतीत अडकून पडते.

याचे अलीकडचे एक उदाहरण सांगतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणी गाव आहे. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पद्धतीत शाळेतील मुलांनी आठवड्यातून एक दिवस सुतारकाम, जोडकाम, शेती, वीज आणि आरोग्य यांतील कामे प्रत्यक्ष करावयाची. शिकविणारे गावातलेच कसबी लोक. आणि तयार होणारी वस्तू किंवा सेवा गावाच्या उपयोगी पडणारी, तिचा मोबदला गावाने द्यावयाचा. जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून विहिरीसाठी पाणी कोठे लागेल याचा अंदाज सांगणे, हे तेथील मुलांचे एक काम होते. दुष्काळी गावात असे काम करणाऱ्या शाळेला आश्रय मागत फिरावे लागत नाही. पुढे या विषयास माध्यमिक परीक्षेत मान्यता मिळाली, आणि 2002 साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या साहाय्याने, त्या संस्थेबाहेर अगदी आरंभी निघालेल्या संगणकचालित कार्यशाळांपैकी एक या पाबळास निघाली.

आज शाळांना यंत्रे मिळू लागली आहेत. 2016 पासून केंद्र सरकारच्या अटल योजनेखाली अनेक शाळांत प्रयोगशाळा निघाल्या. 2021 पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्याची वाटही मोकळी झाली आहे. गज्जरांचा संकल्प सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा दारी आला आहे, असेच म्हणावे लागेल. सरकारने आपला वाटा उचलला, तो कमी-अधिक असेल. राहिलेला वाटा मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येण्यासारखा नाही. आपल्या गल्लीतील शाळेत कोणते यंत्र आले आहे, ते चालते की त्यावर कुलूप आहे, आपल्या घरातील अथवा पेठेतील कोणते काम त्या मुलांकडून करवून घेता येईल, आणि आपल्यापैकी ज्याच्या हाती काही कसब आहे तो आठवड्यातील एक तास त्या मुलांना देईल काय, याची चौकशी शाळेच्या दारी जाऊन करणे, हा तो वाटा होय. वर्षास एक पैसा मागणाऱ्या माणसाने आपल्या आजोबांपाशी याहून अधिक काही मागितले नव्हते.