कापूस, शेअर आणि राजाबाई टॉवर
(१८६५ च्या मुंबईतील आर्थिक संकटाचा वृत्तान्त)

मुंबईच्या फोर्ट भागात, विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. सुरतेहून आलेल्या प्रेमचंद रायचंद या जैन दलालाने आपल्या मातोश्रींच्या नावे त्यासाठी देणगी दिली, हे समाजात अभिमानाने सांगितले जाते. मातोश्रींची दृष्टी गेलेली असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची वेळ त्यांना घंटानादावरून कळावी, हा त्यामागील हेतू होता, ही आख्यायिकाही घरोघरी परिचित आहे. मात्र ज्या १८६४ साली ही देणगी दिली गेली ते वर्ष आणि त्यानंतरची दोन वर्षे यांचा इतिहास तितक्या आवडीने सांगितला जात नाही. वस्तुतः तो इतिहास समजल्याशिवाय त्या मनोऱ्याचा खरा अर्थ कळत नाही.

युद्ध अमेरिकेत, तेजी मुंबईत

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येणाऱ्या कापसावर चालत असत. उत्तरेकडील सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करताच तो पुरवठा तुटला आणि इंग्रज गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. 'सुरती' या नावाने ओळखला जाणारा आपल्याकडील आखूड धाग्याचा कापूस त्यापूर्वी लिव्हरपूलच्या बाजारात दुय्यम मानला जाई. १८६४ पर्यंत त्याच कापसाचा भाव चौपटीहून अधिक झाला.

गुजरात, खानदेश, वऱ्हाड व धारवाड या भागांतील कापूस मुंबईकडे धाव घेऊ लागला. गाद्या-उशांमधील कापूससुद्धा उसवून विकला गेला, असे त्या काळाविषयी सांगतात. कापूस पिकविणाऱ्या मुलखात काही शेतकऱ्यांनी बैलगाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशीही वर्णने आहेत. गाठीत माती, दगड व पाणी घालून वजन वाढविण्याचा प्रकार एवढा बोकाळला की, १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. लोभाची पहिली खूण शेअरबाजारात नव्हे, तर कापसाच्या गाठीत दिसली, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही तेजी सर्वांना सुखाची नव्हती. कापूस महागला म्हणजे सूत महागले आणि सूत महागले म्हणजे हातमागावरचा विणकर उपाशी राहिला. परंतु तोट्यातल्या माणसाचा आवाज तेजीच्या गर्दीत ऐकू जात नाही. युद्धाच्या काळात मुंबईला नेहमीच्या प्राप्तीपेक्षा सात-आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा तत्कालीन अंदाज होता. एवढा पैसा एका शहरात चार वर्षांत आला, तो गुंतवायचा कोठे, हा प्रश्न निर्माण झाला आणि तेथूनच पुढच्या अनर्थास प्रारंभ झाला.

वडाच्या झाडाखालचा बाजार

त्या काळी शेअरबाजाराला स्वतःची वास्तू नव्हती. टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली दलाल जमत व सौदे करीत. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूमी कंपन्या आणि इतर कितीतरी भागभांडवली कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतील बहुतेकांचे नावही नव्हते. अनेकींजवळ भांडवलाच्या आकड्याखेरीज दाखविण्यासारखे काही नव्हते.

या सर्वांत मोठी आशा लावली ती बॅकबे रेक्लमेशन कंपनीने. समुद्र हटवून जमीन काढायची आणि ती विकून नफा मिळवायचा, ही तिची योजना होती. पाच हजार रुपये भरणा झालेला तिचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्राच्या पाण्यातून अद्याप निघावयाच्या जमिनीला ही किंमत आली होती!

या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी होते शेठ प्रेमचंद रायचंद. १८३१ च्या सुमारास जन्मलेले प्रेमचंद बालपणीच मुंबईस आले आणि रतनचंद लाला या दलालांच्या हाताखाली धंदा शिकले. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारे ते पहिले देशी दलाल म्हणून ओळखले गेले. तिशी ओलांडताच कापूस व शेअर या दोन्ही बाजारांवर त्यांचे वर्चस्व निर्माण झाले. नव्या कंपनीचे शेअर मूळ किमतीत कोणास मिळावेत, हे त्यांच्या शब्दावर ठरे, आणि तसा शेअर मिळणे म्हणजे घरबसल्या लक्ष्मी मिळणे होते.

याच सुमारास एक घातक बदल घडला. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे भागभांडवल असलेली प्रतिष्ठित बँक होती. १८६३ च्या नव्या कायद्याने तिला कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. मग शेअर तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून पुन्हा शेअर, तेही तारण ठेवून पुन्हा कर्ज, असे चक्र सुरू झाले. भाव वाढेल तसे तारण वाढे आणि तारण वाढेल तसे कर्ज वाढे. शिवाय वायद्याचे सौदे होत. शेअर घ्यावयाचा नसे व द्यावयाचाही नसे. ठरल्या मुदतीस भावातील फरक तेवढा चुकता करावयाचा असे. यांपैकी फार मोठ्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. काही आठवड्यांत ही वार्ता मुंबईत पोहोचली. अमेरिकन कापूस पुन्हा येणार, हे कळताच कापसाचा भाव कोसळला. कापूस कोसळताच शेअर कोसळले आणि शेअर कोसळताच त्यांच्यावर दिलेली कर्जे उघडी पडली. जो आदल्या दिवशी दहा जणांचा धनको होता, तो दुसऱ्या दिवशी वीस जणांचा ऋणको ठरला. एकाचे देणे थकले की दुसऱ्याचे येणे बुडे, आणि ते बुडाले की त्याचेही देणे थकत असे.

१ जुलैचा दिवस उजाडला तेव्हा फरक चुकता करणारे फारच थोडे उरले होते. पिढ्यान्पिढ्यांची पत असलेल्या पेढ्यांनी दिवाळे काढले. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकदा २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. पुढील वर्षी, मे १८६६ मध्ये, लंडनमधील ओव्हरएंड गर्नी ही मोठी वित्तसंस्था बुडाली आणि जे काही तग धरून होते त्यांतलेही अनेक कोसळले. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती; १८७२ च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ एवढीच भरली.

दोष आणि दान

१८६६ मध्ये प्रेमचंद शेठही कोसळले. त्यांची मालमत्ता धनकोंसाठी विश्वस्तांच्या स्वाधीन झाली. बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तिच्या पतनाची चौकशी केली. बँकेच्या अधिकाऱ्यांवर प्रेमचंदांचा अवाजवी प्रभाव होता आणि पुरेशा तारणाविना कर्जे दिली गेली, हे त्या चौकशीतून पुढे आले.

आपल्या समाजातील थोर पुरुषाचे चरित्र सांगताना हा भाग वगळावा, असे काहींना वाटते. पण ते योग्य नाही. ज्यांची ठेव वा भांडवल बुडाले, त्यांतही सामान्य कुटुंबे होती. टॉवरच्या घंटेने त्यांचे नुकसान भरून आले नाही. दानाने दोष पुसला जात नाही, हे मान्य केल्यावरच दानाचे मोल नीट करता येते.

आणि ते मोल लहान नाही. १८६४ मध्ये, भाव शिखराकडे जात असतानाच, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे अनेक नामवंत विद्वानांना मिळाली. दाता कफल्लक झाल्यावरही मुंबईतले काम थांबले नाही. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची कोनशिला बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. जे धन त्यांनी तिजोरीत व शेअरमध्ये ठेवले ते गेले. जे हातातून सोडले तेच उरले.

पत सांभाळण्याचे आणखी एक उदाहरण त्याच संकटात दिसते. पंचविशीतले जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते. वडिलांच्या पेढीची कागदपत्रे निरुपयोगी ठरली, तेव्हा ते लपून बसले नाहीत. धनकोंकडे जाऊन त्यांनी खरी स्थिती सांगितली, आणि पेढीचे व्यवहार मिटविण्याचे काम धनकोंनी त्यांच्यावरच सोपविले. प्रेमचंदांनीही पडल्यावर धंदा सोडला नाही. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांची संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. आजचा मुंबई शेअर बाजार हे तिचेच रूप होय. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

परिमाणाचा अर्थ

या घटनेला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिची पुनरावृत्ती होतच आहे. १० जानेवारी २००८ रोजी मुंबईचा निर्देशांक २१,२०० च्या पुढे गेला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला तो ७,७०० च्याही खाली उतरला. २३ मार्च २०२० रोजी एकाच दिवसात तो ३,९३४ अंकांनी घसरला. दोन्ही वेळा निर्देशांक पुन्हा वर आला. ज्यांनी स्वतःच्या शिल्लकेतून, नीट चालणाऱ्या उद्योगांत पैसे घातले होते, त्यांना थांबता आले. ज्यांनी उसन्या पैशावर शेअर घेतले होते, त्यांना तळाच्या भावाने विकावे लागले. मात्र केवळ थांबणे पुरेसे नसते, हेही बॅकबेने दाखविले. ती कंपनीच गुंडाळली गेली. तिचे शेअर कितीही वर्षे जपून ठेवले असते, तरी ते कागदच राहिले असते.

म्हणून शेअर घेणाऱ्याने दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. हा पैसा माझा आहे काय? आणि या कागदामागे खरा उद्योग आहे काय? १८६४ च्या मुंबईत हे प्रश्न विचारणे म्हणजे भित्रेपणा समजला जात होता.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण व्रताला स्थान आहे. परिमाण म्हणजे मर्यादा, आणि ती प्राप्तीपूर्वीच ठरवावी लागते. तेजी आल्यावर मर्यादा ठरवू म्हणणाऱ्याची मर्यादा भावाबरोबर वाढत जाते. हे व्रत व्यापाराच्या आड येत नाही. उलट व्यापाऱ्याला झोप लागू देते. राजाबाई टॉवरकडे पाहताना दात्याच्या औदार्याला वंदन करावेच. पण तो मनोरा ज्या वर्षाच्या पैशातून उभा राहिला, त्या वर्षाचेही स्मरण ठेवावे. त्याच्या घड्याळाने अनेकांना वेळ सांगितली. कोठे थांबावे, हे मात्र ज्याचे त्यानेच वेळेवर ओळखावे लागते.