वत्सगुल्म ते लडाख : श्वासाला लागणारे दिवस

वाशिम, म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. लेह ३,५०० मीटरवर. तेथे प्रत्येक श्वासातून वाशिमच्या तुलनेत सुमारे ७० टक्केच प्राणवायू मिळतो.

इ. स. १५३३ मध्ये यारकंदचा सुलतान सैद खान लडाखच्या मोहिमेवरून परतताना वाटेतच मरण पावला. मिर्झा हैदर दुघलातने ‘तारीख-ए-रशीदी’त या व्याधीचे नाव नोंदवले आहे : दमगिरी, म्हणजे श्वास कोंडणे.

उंचीवर जाताच गळ्याच्या धमन्यांजवळील संवेदी पेशी प्राणवायूची घट टिपतात. श्वास खोल होतो, नाडी जलद चालते. परंतु अधिक श्वासाने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकल्यावरच तो लगाम सैल होतो. त्यास काही दिवस लागतात. शौर्याने ते कमी होत नाहीत.

१९६२ च्या चीन युद्धात हेच दिवस मिळाले नाहीत. मैदानी प्रदेशातील जवान घाईने हिमालयात चढवले गेले. फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, दाब वाढतो, फुफ्फुसांत पाणी झिरपते. पूर्वी हा विकार न्यूमोनिया समजला जाई. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६५ साली भारतीय लष्करी डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा ३३२ रुग्णांची मांडणी केली.

आज लष्करात उंचीशी जुळवून घेण्याचे टप्पे ठरलेले आहेत : ९,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० वर आणखी चार, १५,००० वर पुन्हा चार. पहिले दोन दिवस तर बव्हंशी विश्रांतीच.