दिनविशेष, 9 मार्च : पावणेतीन लाखांचे औषध नऊ हजारांच्या आत

मुंबईच्या पेटंट कार्यालयातून 2012 साली याच दिवशी औषधासाठीचा देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवण्याची दुसऱ्याला मुभा, निघाला. औषध होते सोराफेनिब, म्हणजे बायर कंपनीचे ‘नेक्सावर’. यकृत आणि मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगावरचे.

ही गोळी सरसकट सगळ्या पेशींवर घाव घालत नाही. गाठ वाढवणारे आणि तिला नव्या रक्तवाहिन्या पुरवणारे संदेश ती अडवते. चाचणीत यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य तिच्यामुळे सुमारे 3 महिन्यांनी लांबले. आजार मुळापासून जात नाही, हेही सांगायलाच हवे.

रोज 4 गोळ्या, महिन्याला 120. तेव्हा किंमत 2,80,428 रुपये! सुरगाण्यातल्या भात-नागलीच्या शेतकऱ्यानेच काय, नाशिकच्या पगारदारानेही हात टेकावेत असा आकडा. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीला तेच औषध 8,880 रुपयांत विकायची मुभा दिली. अटींपैकी दोन : बायरला 6 टक्के स्वामित्वधन आणि वर्षाला किमान 600 गरजूंना मोफत औषध.

बायर अपिलात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2014 मध्ये परवाना कायम ठेवला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला.