मेस्तक, मुंतखब आणि परिभाषा कोश : बीड जिल्ह्यातील दफ्तरी लेखनाचे शिक्षण

कचेरीतील पत्र, हिशेब आणि सनद बिनचूक लिहिण्याची विद्या बीडच्या परिसरात शाळेत फारशी शिकवली गेली नाही. ती घराण्यात आणि दफ्तरात, जुना नमुना समोर ठेवून शिकली गेली, आणि त्यामुळे राज्यकर्ता बदलला की लेखनाचा नमुनाही बदलला व आधीची विद्या काही पिढ्यांत वाचणाऱ्यालाच परकी झाली. या परिसरातील दस्तऐवजी लेखनाचे जुने पुरावे अंबाजोगाईच्या शिलालेखांत सापडतात. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित शके 1150 आणि शके 1162 चे लेख तेथे आहेत. ते संस्कृतात असले तरी राजाची वंशावळ, दात्याची ओळख आणि दानाचा तपशील यांची जी बांधणी त्यांत दिसते, ती दस्तऐवजाचा साचा पक्का झाल्यावाचून येत नाही.

यादवांचा करणाधिप, म्हणजे दफ्तरखात्याचा प्रमुख, हेमाद्री याच्या नावाशी परंपरेने दोन गोष्टी जोडल्या आहेत : मोडी लिपी आणि मेस्तक. मेस्तक म्हणजे कारकुनासाठी रचलेली लेखनपद्धतीची पोथी. ही पोथी त्याचीच असा आग्रह धरण्याचे कारण नाही, कारण अशा पोथ्या दफ्तरांत पुन्हा पुन्हा उतरवल्या जात आणि उतरवताना त्यांत भर पडत असे; महत्त्व आहे ते त्यांनी काय शिकवले याला. वडिलांना लिहिताना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्या माणसाला ‘राजश्री’ असा मायना, वरिष्ठाकडे जाणाऱ्या पत्राच्या शेवटी विनंती, हाताखालच्या माणसाला ‘जाणिजे’, कागदाला घड्या घालून पाडलेले जमाखर्चाचे रकाने आणि शेवटचे मोर्तब, असे दफ्तरी लेखनाचे नियम नवशिका कित्ता गिरवूनच आत्मसात करी. मोडीत आधी कागदभर सलग शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिली जात, आणि बोरू कमीत कमी उचलणे हा चांगल्या लेखकाचा गुण मानला जाई.

तारीख लिहिणे हे तर स्वतंत्र शास्त्रच होते. मराठी कागदांत शुहूर सन वापरला जाई, ज्याचे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी, बदलते आणि ज्याचे आकडे अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिले जातात. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन येथे 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. त्या वर्षीचा कारकून सन लिहिताना ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार मिळून 1164 असे लिही, आणि त्यात 599 मिळवले की इसवी सन 1763 येते. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला मात्र 600 मिळवावे लागतात. हा एवढा नियम ठाऊक नसेल, तर आजचा वाचक पत्राला एक वर्ष मागे किंवा पुढे ढकलतो, आणि अशी चूक छापील पुस्तकांतही खपून जाते.

दफ्तराबाहेरही या विद्येचा एक विलक्षण उपयोग झाला. देशपांडे, म्हणजे परगण्याचे हिशेब राखणारा वतनदार, अशा घरात जन्मलेले संतकवी दासोपंत (1551–1615) यांनी अंबाजोगाईत पंचीकरणाचे, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचे, विवेचन सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा कापडी पासोडीवर लिहिले. ओव्यांच्या जोडीला आकृत्या आणि कोष्टके मांडून अवघड शास्त्र नजरेत भरेल असे दाखवण्याची ही रीत हिशेबी घराण्यातील माणसाला सुचावी यात नवल नाही, असे मानायला जागा आहे. मराठीतील तांत्रिक लेखनाच्या इतिहासात तिला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

निजामाच्या राज्यात दफ्तरी लेखन दुहेरी झाले. गावचा पटवारी मोडीत लिहीत राहिला, तालुका आणि जिल्हा कचेऱ्यांत मात्र फारसी चाले, आणि 1884 पासून तिची जागा उर्दूने घेतली. इनाम जमिनीच्या चौकशीनंतर हक्क कायम केल्याचा जो उतारा दिला जाई, तो मुंतखब. देवस्थान व वक्फ जमिनींच्या दाव्यांत त्याचा आधार आजही घेतला जातो. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. अवघ्या बारा वर्षांत उर्दूत तरबेज झालेली कारकुनी मराठी देवनागरीत आणावी लागली.

त्यासाठी 1960 मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले, आणि ते आता संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मात्र त्यांची मांडणी इंग्रजी शब्दाकडून मराठीकडे जाणारी आहे, त्यामुळे ते अनुवादकाला जेवढे उपयोगी पडतात, तेवढे पहिल्यांदाच टिप्पणी लिहायला बसलेल्या लिपिकाला पडत नाहीत. ‘प्रशासन वाक्प्रयोग’ हे पुस्तक टिप्पणीत लागणारी तयार वाक्ये देते, म्हणून मेस्तकाच्या सर्वांत जवळचे तेच. पण सबंध पत्राचा मसुदा उभा करून दाखवण्याचे मेस्तकाचे काम त्याच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा बीडसह सर्व जिल्ह्यांतील निजामकालीन कागद बाहेर काढावे लागले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्थान मिळाले होते, त्यामुळे तिची मुळाक्षरे संगणकावर शिकण्यात आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. परंतु मुळाक्षरे येणाऱ्याला शुहूर सन, मायना आणि रकाने समजतातच असे नाही, आणि पटवाऱ्याच्या घाईतल्या अक्षराचा सराव मूळ कागद समोर असल्याशिवाय होत नाही.