सुटा भाग : बंदुकीपासून वॉशिंग मशीनपर्यंत

१/५
जुन्या वॉशिंग मशीनची मोटर फिरेनाशी झाली की अनेकदा दोष झिजलेल्या कार्बन ब्रशचा असतो. वीजजोडणी काढून ही स्वस्त जोडी घरीही बदलता येते. ती नेमकी बसते, यामागे दोन शतकांचा इतिहास आहे.

२/५
पूर्वी कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून त्या-त्या यंत्राशी जुळवीत असे. एकाचा भाग दुसऱ्यास बसत नसे.

३/५
१७८५ साली फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने बंदुकीच्या ५० चापांचे सुटे भाग थॉमस जेफरसनपुढे मांडले. जेफरसनने हाताला लागतील ते भाग उचलून चाप जोडले; ते अचूक बसले.

४/५
१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांसाठी समान प्रमाण सुचवले. तांत्रिक अडसर ओसरत गेला. उरला तो हक्काचा.

५/५
१ मार्च २०२१ पासून युरोपीय संघात, मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यापुढे किमान १० वर्षे ठरावीक सुटे भाग पुरवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. दाराचे रबर ग्राहकालाही द्यावे लागते. मोटरच्या ब्रशबाबतचे बंधन मात्र व्यावसायिक दुरुस्तीकारांपुरतेच. भाग कोणत्याही यंत्रात बसावा, हे ब्लाँने साधले. तो कोणाच्याही हाती यावा, हे अद्याप साधायचे आहे.